मोदक, पुरणपोळी आणि वजनाचा काटा



स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा समितीचा निरोप आला तेव्हा विषय शोधायला मला लांब जावे लागले नाही. मी इथे अमेरिकेत सत्तावीस वर्षे फार्मासिस्ट म्हणून काम केले. त्याचबरोबर महाप्रसादाच्या दिवशी देवळाच्या स्वयंपाकघरात मोदकांच्या पाऱ्या करायला बसणाऱ्यांत मी असतेच. त्यामुळे दर गणपतीत मला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला प्रश्न बहुधा काकांचा असतो : "उकडीचा मोदक डायबेटिसला चालतो ना हो? तळलेला नाही, वाफवलेला आहे!" दुसरा असतो तरुण सुनांचा आणि मुलींचा : "वजन कमी करतेय. प्रसाद नको म्हटला तर चालेल का?"

पहिल्याचे थोडक्यात उत्तर 'चालतो, पण मोजून' असे आहे. दुसऱ्याचे उत्तर असे की प्रसाद नाकारायची वेळच येऊ नये, अशी सोय आपल्याला करता येते. ती कशी, हेच या लेखात सांगणार आहे. 'गोड सोडा' असे मी कुठेही म्हणणार नाही. जे कायमचे सोडायचे म्हणून सोडले जाते ते साधारण तीन आठवड्यांनी दुप्पट वेगाने परत येते, हे औषधांच्या काउंटरमागून मी पुष्कळ वेळा पाहिले आहे.

आपल्याला ही काळजी जास्त का?

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांच्याबरोबर २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच एक छायाचित्र छापले. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा होता : २२.३. पण अंगातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्या शरीरात ती ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. दिसायला दोघेही सडपातळ, आत मात्र दुपटीहून जास्त फरक! आपल्याकडच्या पुष्कळ लोकांचे असेच असते. हात-पाय बारीक आणि चरबी पोटाभोवती. ही पोटातली चरबीच इन्शुलिनच्या कामात अडथळा आणते.

म्हणून आपल्यासाठी मोजपट्टीही वेगळी आहे. सर्वसाधारणपणे बीएमआय २५ च्या वर गेला की वजन जास्त समजतात. परंतु आशियाई वंशाच्या लोकांनी २३ पासूनच मधुमेहाची तपासणी करून घ्यावी, असे अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने २०१५ पासून सांगितले आहे. पौंडांत सांगायचे तर ५ फूट २ इंच उंचीच्या व्यक्तीला २३ म्हणजे साधारण १२६ पौंड आणि ५ फूट ८ इंच उंचीच्या व्यक्तीला १५१ पौंड. कमरेचा घेर आपल्या पुरुषांत ९० सेंटिमीटरच्या (सुमारे साडेपस्तीस इंच) आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या (साडेएकतीस इंच) आत असावा. पँटचे माप म्हणजे कमरेचा घेर नव्हे! टेप बेंबीच्या पातळीवर धरून, श्वास सोडून मोजायचे.

माझ्या घरात हा विषय पुस्तकातला नाही. माझ्या वडिलांना शेहेचाळिसाव्या वर्षी मधुमेह झाला आणि पुढे त्यांची एका डोळ्याची दृष्टी गेली. २०१६ साली माझा स्वतःचा ए-वन-सी ६.० आला. (५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, ६.५ आणि पुढे मधुमेह.) तेव्हा माझे वजन १६२ पौंड होते. पुढच्या चौदा महिन्यांत ते १४९ वर आले आणि ए-वन-सी ५.६ वर. त्या चौदा महिन्यांत गणपती, दसरा, दिवाळी, संक्रांत, होळी हे सगळे सण होते आणि प्रत्येक सणाला मी त्या त्या सणाचे गोड खाल्ले.

हे वजन ऐकायला फार कमी वाटेल. पण तेवढ्यानेही पुष्कळ साधते. अमेरिकेतील 'डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅम' या मोठ्या अभ्यासात मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या तीन हजारांहून अधिक लोकांनी भाग घेतला होता. त्यातल्या एका गटाला वजन ७ टक्के कमी करायचे आणि आठवड्याला १५० मिनिटे चालण्यासारखा व्यायाम करायचा, एवढेच ध्येय दिले होते. २००२ साली निष्कर्ष आले : त्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. मेटफॉर्मिनच्या गोळ्या घेणाऱ्या गटात ३१ टक्क्यांनी. १६२ पौंडांचे ७ टक्के म्हणजे सुमारे सव्वाअकरा पौंड. 'लग्नातल्यासारखी बारीक' व्हायची गरज नाही, दहा-बारा पौंड पुरतात. हा कार्यक्रम आता मेडिकेअरमध्येही मिळतो (२०१८ पासून), आपल्या ज्येष्ठांनी डॉक्टरांना जरूर विचारावे.

सण एक, जेवणे चार

भारतात गणेश चतुर्थी एका दिवशी येते. आपल्याकडे इथे ती कशी येते ते पाहा. चतुर्थी मंगळवारी असली तर त्या दिवशी घरी नैवेद्याचे मोदक. शनिवारी देवळात महाप्रसाद. रविवारी मैत्रिणीकडे 'दर्शनाला या'. पुढच्या शनिवारी महाराष्ट्र मंडळाचा गणपती आणि तिथली श्रीखंड-पुरी. शिवाय प्रत्येक ठिकाणाहून येताना हातात उरलेल्याचा एक डबा! म्हणजे सण एक आणि गोडाची जेवणे चार, अधिक डबे. हाच हिशेब दिवाळीला. मध्येच हॅलोवीनची मुलांची चॉकलेटे, मग थँक्सगिव्हिंगचा पाय, नाताळची ऑफिसातली बिस्किटे, आणि हे सगळे पार पडते तोवर तिळगूळ येतो. श्रावणापासून संक्रांतीपर्यंत पाच महिने आपण दोन संस्कृतींचे सण एकाच पोटाने साजरे करतो.

२००० साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एक अभ्यास आला होता. थँक्सगिव्हिंगपासून नववर्षापर्यंत अमेरिकेतल्या प्रौढांचे वजन सरासरी किती वाढते, ते त्यात मोजले होते. लोकांना वाटायचे पाच-सात पौंड वाढत असेल. प्रत्यक्षात वाढ निघाली ०.३७ किलो, म्हणजे जेमतेम पाऊण पौंडाच्या वर. मग बिघडले कुठे? बिघडले असे की ही वाढ पुढे उन्हाळ्यात उतरली नाही. दरवर्षी पाऊण पौंड म्हणजे दहा वर्षांत साताठ पौंड, तेही कुणाच्या लक्षात न येता. आपले सण तर थँक्सगिव्हिंगच्या तीन महिने आधीच सुरू होतात.

तेव्हा पहिली गोष्ट ही लक्षात ठेवायची की सणाच्या दिवशी खाल्लेला मोदक वजन वाढवत नाही. वजन वाढवतो तो बुधवारी रात्री टीव्हीसमोर फ्रिजमधून काढून उभ्याउभ्या खाल्लेला मोदक. त्याला ना नैवेद्य, ना पान, ना पंगत. त्याची चवसुद्धा नंतर आठवत नाही.

पानातली गोडाची जागा

आपल्या पूर्वजांनी कॅलरी मोजल्या नाहीत, पण पान वाढायची पद्धत फार विचारपूर्वक घालून दिली. मीठ मध्यभागी वर, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाज्या, आमटी. खाली वरणभाताची मूद आणि त्यावर तुपाची धार. सणाचे गोड हे या जेवणाचाच भाग असते. इंग्रजी पद्धतीचे 'डिझर्ट' जेवण संपल्यावर येते. आपली पुरणपोळी मात्र पोळीच्याच जागी येते, कटाच्या आमटीबरोबर. ज्या दिवशी पुरणपोळी त्या दिवशी साधी पोळी नाही, हा साधा नियम होता. म्हणून तर त्याला 'गोडाचे जेवण' म्हणत.

आता आपल्या बुफेकडे पाहा. पुरी आहे, पुलाव आहे, बटाट्याची भाजी आहे, मुलांसाठी पिझ्झा आहे, बटाटेवडा आहे. हे सगळे पोटभर झाल्यावर टेबलाच्या शेवटच्या टोकाला श्रीखंड, गुलाबजाम आणि कुणीतरी आणलेला केक. गोड पूर्वी एखाद्या पदार्थाच्या जागी यायचे. आता ते सगळ्याच्या वर येऊन बसले आहे. माझ्या मते आपल्या वजनाची निम्मी गोष्ट या एका बदलात आहे.

आणखी एक फरक. आपल्या आई-वडिलांच्या काळात साखर रेशनकार्डावर मिळायची. सणाचे गोड महिनाभर साखर वाचवून व्हायचे, त्यामुळे प्रमाण सांगावे लागत नसे, ते कार्डावरच छापलेले असे! इथे कॉस्टकोत साखरेचे २५ पौंडांचे पोते सहज गाडीत टाकता येते. पूर्वी टंचाईने जे आपोआप साधायचे, ते आता आपल्याला ठरवून करावे लागते.

प्रसाद आणि पक्वान्न यांतही आपल्या परंपरेने भेद केला आहे. तीर्थ पळीभर, पंचामृत चमचाभर, सत्यनारायणाचा शिरा तळहातावर मावेल एवढा, खिरापत चिमूटभर. प्रसाद कधी वाडगाभर घ्यायचा नसतो. तो सगळ्यांना पुरावा लागतो. एकवीस मोदकांचा नैवेद्य दाखवायचा तो घरादाराने, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी वाटून खाण्यासाठी. फार खाणाऱ्याला आणि अजिबात न खाणाऱ्याला, दोघांनाही योग साधत नाही, असे भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात सांगितले आहे. वजन कमी करणाऱ्याने त्यातला दुसरा भागही तितकाच ध्यानात ठेवावा.

थोडे गणित

आता प्रत्यक्ष पदार्थांकडे वळू. खालचे आकडे मी माझ्या घरच्या प्रमाणावरून काढले आहेत. तुमच्या हाताप्रमाणे थोडे कमी-जास्त होतील. साखरेच्या एका ग्रॅममध्ये ४ कॅलरी, तुपाच्या एका ग्रॅममध्ये ९. सपाट चमचाभर साखर ४ ग्रॅमची, चहाचा चमचाभर तूप सुमारे ४० कॅलरींचे.

१) उकडीचे मोदक : ३०० ग्रॅम तांदळाची पिठी, २४० ग्रॅम ओले खोबरे, २०० ग्रॅम गूळ, मोठा चमचाभर तूप. यात २१ मोदक होतात. एका मोदकात सुमारे १३५ कॅलरी, गूळ साडेनऊ ग्रॅम. वर चमचाभर तूप घेतले तर १७५.

२) पुरणपोळी : २०० ग्रॅम हरभऱ्याची डाळ, २०० ग्रॅम गूळ, २०० ग्रॅम कणीक, तीन मोठे चमचे तेल. यात १० पोळ्या. एका पोळीत सुमारे २५५ कॅलरी, गूळ २० ग्रॅम. वर मोठा चमचाभर तूप ओतले की ३७५.

३) बेसनाचा लाडू : २५० ग्रॅम बेसन, १५० ग्रॅम तूप, २०० ग्रॅम पिठीसाखर. यात लहान लिंबाएवढे २४ लाडू. एका लाडवात सुमारे १३० कॅलरी. 'छान मोठा' लाडू वळला की तोच २६० चा होतो. खाणारा मात्र 'एकच खाल्ला' असेच म्हणतो!

४) श्रीखंड : चक्का आणि साखर समसमान घेतली तर १०० ग्रॅम श्रीखंडात, म्हणजे अर्ध्या वाटीत, ५० ग्रॅम साखर येते. म्हणजे बारा चमचे! सावर क्रीम घातलेल्या आपल्या 'अमेरिकन' श्रीखंडात त्याशिवाय स्निग्धांश असतो तो वेगळाच.

तुलनेसाठी : अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या सल्ल्यानुसार वरून घातलेली साखर स्त्रियांनी दिवसाला २५ ग्रॅम आणि पुरुषांनी ३६ ग्रॅमच्या आत ठेवावी. दोन वर्षांवरच्या मुलांनाही २५ ग्रॅमच्या आतच. त्या हिशेबाने दोन मोदक मर्यादेत बसतात, एक पुरणपोळी बसते, अर्धी वाटी पारंपरिक श्रीखंड बसत नाही. तेच श्रीखंड घट्ट ग्रीक योगर्टमध्ये निम्मी साखर घालून, केशर-वेलची सढळ हाताने टाकून, दोन मोठे चमचे घेतले तर आनंदाने बसते.

'खाऊन घेऊ, मग चालून जिरवू' असे म्हणणाऱ्यांसाठी : मध्यम वजनाच्या माणसाला मैलभर चालल्यावर साधारण शंभर कॅलरी लागतात. तूप घातलेल्या एका पुरणपोळीसाठी पावणेचार मैल. चालणे रक्तातली साखर आणि हृदय यांसाठी उत्तम आहे, जेवणानंतर पंधरा मिनिटे तर अवश्य चालावे. पण पोळीची परतफेड म्हणून चालू नये. त्या हिशेबात आपण नेहमी कर्जबाजारीच राहतो.

आता मला सर्वांत महत्त्वाचे वाटणारे गणित. समजा तुम्ही दिवसातून तीन कप चहा घेता आणि प्रत्येक कपात दोन चमचे साखर. रोजची साखर २४ ग्रॅम, कॅलरी ९६. वर्षाला ३५ हजार कॅलरी आणि १९ पौंड साखर. ३५ हजारांना ३७५ ने भागा. उत्तर येते त्र्याण्णव. चहातून वर्षभरात तूप घातलेल्या त्र्याण्णव पुरणपोळ्या पोटात जातात, आणि त्यांतल्या एकीचाही आनंद आपण घेतलेला नसतो! वर्षभरात सणाला खरोखर पुरणपोळी खाल्ली जाते ती किती? दहा? बारा? चहाची साखर हळूहळू, दर पंधरा दिवसांनी अर्धा चमचा अशी कमी करा. दोन-तीन महिन्यांत जीभ सरावते आणि मग होळीची पोळी निर्धास्तपणे खाता येते. सणासाठी साखर राखून ठेवायची आपल्या आजीची रीत ती हीच, फक्त आता रेशनकार्डाऐवजी आपले आपण.

काही गोड गैरसमज

'गुळाचे चालते.' गुळात थोडे लोह आणि खनिजे असतात, चव तर लाजवाब. पण १०० ग्रॅम गुळात सुमारे ३८० कॅलरी आणि साखरेत ४००. रक्तातली साखर दोन्ही वाढवतात. मध आणि खजूर यांचेही तेच. मोदकाला गूळच हवा, पण तो चवीसाठी. औषध म्हणून नव्हे.

'शुगर-फ्री मिठाई कितीही चालते.' साखर काढली तरी खवा, तूप, काजू जिथल्या तिथेच असतात. शिवाय वजन कमी करण्यासाठी कृत्रिम गोडीवर अवलंबून राहू नये, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये दिला आहे. (ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांच्यासाठी तो सल्ला नाही, त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारावे.)

'उपास केला की वजन उतरते.' एकादशी अन् दुप्पट खाशी, ही म्हण उगीच पडलेली नाही. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, १०० ग्रॅममध्ये ३५० कॅलरी; शेंगदाण्यांत १०० ग्रॅमला साडेपाचशेहून अधिक. वर तूप आणि बटाटा. भक्ती म्हणून उपास जरूर करा, वजनासाठी करायचा असेल तर खिचडी वाटीभरच घ्या आणि बरोबर ताक, काकडी घ्या.

'वाफवलेले म्हणजे हलके.' तेल वाचले हे खरे. गूळ-खोबरे मात्र वाफेबरोबर उडून जात नाही. काकांनी रागावू नये!

मी काय करते

१) आधी ठरवते. शनिवारी देवळात मोदक आहेत हे ठाऊक असते. मग गुरुवारी ऑफिसातल्या डोनटला मी सहज नाही म्हणते. तो डोनट मला फारसा आवडतही नाही, केवळ समोर असतो म्हणून खाल्ला जातो. जे मनापासून आवडते त्यासाठी जागा ठेवायची.

२) बदली करते. पुरणपोळी असेल तर पुरी-पोळी नाही. मोदक असतील तर भाताची मूद लहान. गोड वर जमा करायचे नाही, कशाच्या तरी जागी घ्यायचे.

३) जेवणाची सुरुवात डाव्या बाजूने करते. आधी कोशिंबीर, उसळ, भाजी, मग बाकीचे. न्यूयॉर्कच्या वेल कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयातल्या २०१५ च्या एका छोट्या अभ्यासात (अकरा रुग्ण) तेच जेवण भाज्या व प्रथिने आधी आणि पिष्टमय पदार्थ शेवटी घेतले तेव्हा रक्तातली साखर बरीच कमी चढली. रिकाम्या पोटी मोदकावर तुटून पडू नये, एवढे त्यातून नक्की घ्यावे.

४) बसून खाते. एक मोदक, चमचाभर तूप, फोन दूर. पहिल्या मोदकाची चव दुसऱ्यात असते, तिसऱ्यात नसते. ज्यांना दोन हवेत त्यांनी दोन घ्यावेत, पण आधी ठरवून.

५) आकार लहान ठेवते. लाडू लिंबाएवढे, पोळी तळहाताहून जरा मोठी, श्रीखंड वाढायला लहान चमचा. पाहुण्याला हवे असेल तर तो पुन्हा घेतोच.

६) उरलेल्याची त्याच रात्री वासलात लावते. पुरणपोळ्या दोन-दोनच्या पुड्यांत फ्रीझरमध्ये जातात. बाकीचे डबे जवळच्या विद्यापीठातल्या आपल्या विद्यार्थ्यांकडे. घरापासून दूर असलेल्या त्या मुलांना त्या डब्याचे जे मोल वाटते, ते आपल्या फ्रिजला कधीच वाटणार नाही.

७) वजन आठवड्यातून एकदा, एकाच वारी, सकाळी करते. सणाच्या दुसऱ्या दिवशी काट्यावर चढत नाही. मीठ आणि पिष्ट जास्त झाले की अंगात पाणी धरते आणि काटा दोन पौंड वर जातो. ती चरबी नव्हे. तो आकडा पाहून 'आता सगळे बिघडलेच आहे' म्हणत उरलेला आठवडा सोडून देणे, यानेच खरे नुकसान होते. पुढच्या जेवणापासून नेहमीचे साधे जेवण, एवढेच प्रायश्चित्त.

आग्रहाविषयी दोन शब्द

आग्रह हे आपले प्रेम आहे, ते मला मोडायचे नाही. पण 'एक तरी घ्याच, माझी शपथ आहे' असे म्हणताना समोरच्याच्या पर्समध्ये इन्शुलिन असू शकते, हे ध्यानात असू द्यावे. आग्रह करायचाच तर कोशिंबिरीचा करा, ताकाचा करा, आणि माणूस अजून थोडा वेळ बसावा म्हणून करा. घेणाऱ्यानेही 'डाएटवर आहे' असे जाहीर करू नये. त्यावर पंगतभर चर्चा सुरू होते. 'फार सुंदर झालेत, अर्धा द्या' म्हणावे. अर्धा मागणाऱ्यावर कुणी रागावत नाही.

आणि एक कळकळीची विनंती. देवळात भेटल्या भेटल्या 'अगं, किती सुटलीस!' किंवा 'वाळलीस की गं!' असे कुणालाही, विशेषतः वयात येणाऱ्या मुलींना आणि मुलांना, म्हणू नका. आपल्याला ती विचारपूस वाटते. इथे वाढलेल्या मुलांच्या ती मनात रुतते. अशा शब्दांनंतर जेवण टाळू लागलेली, चोरून खाऊ लागलेली मुले मी पाहिली आहेत. त्यांच्या देखत 'मोदक वाईट, वजन वाढवतो' असेही बोलू नये. मुलांना मोदक नीट वाढावा, बसून खायला शिकवावे, दोन वळायला लावावेत. वर्षभर सोडा आणि गोड पेये घरात नसली की सणाच्या मोदकाची भीती बाळगायचे कारण उरत नाही. कोकच्या बारा औंसांच्या एका कॅनमध्ये ३९ ग्रॅम साखर असते, म्हणजे चार मोदकांतल्या गुळाहूनही जास्त!

औषधे घेणाऱ्यांसाठी

इन्शुलिन, किंवा ग्लिपिझाइड, ग्लिमेपिराइड अशा गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना न विचारता उपास करू नये आणि 'आज गोड आहे' म्हणून मनाने डोस वाढवू नये. आरतीला उशीर झाला, जेवण लांबले, आणि घाम, थरथर, गोंधळल्यासारखे वाटू लागले तर रक्तातली साखर उतरलेली असू शकते. अशा वेळी साखर हेच औषध : चार औंस फळांचा रस किंवा १५ ग्रॅम साखर लगेच घ्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. तिथे प्रमाणाचा विचार करत बसू नये. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नये, ताबडतोब ९११ ला फोन करावा.

वजनासाठी सेमाग्लुटाइड किंवा टिर्झेपाटाइड यांसारखी इंजेक्शने अलीकडे आपल्यातही बरेच जण घेतात. या औषधांनी पोट सावकाश रिकामे होते. त्यावर तुपकट पंगत झाली की मळमळ, उलट्या होतात. त्यांनी अर्धा मोदक, थोडा वरणभात आणि पुरेसे पाणी एवढ्यावर सण साजरा करावा. आणि अशांना 'इंजेक्शन घेऊन बारीक झालीस' असे कुणी हिणवू नये; रक्तदाबाची गोळी घेणाऱ्याला आपण कधी हिणवतो का?

शेवटी महाप्रसाद समितीला एक सूचना करते. यंदा मोदक लहान साच्याचे करावेत, बुफेत कोशिंबीर व उसळ सर्वांत आधी ठेवावी, गोड टेबलावर न ठेवता सेवेकऱ्यांनी पानात वाढावे, आणि एका पाटीवर पदार्थांतील घटक लिहावेत, म्हणजे मधुमेही आणि शेंगदाण्याची ॲलर्जी असलेले दोघेही निश्चिंत होतील. यासाठी वेगळा खर्च नाही. साचे माझ्याकडे आहेत. पाऱ्या वळायला आणखी चार हात मिळाले तर उत्तम. शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता देवळाच्या स्वयंपाकघरात या, मुलांनाही घेऊन या.

बाप्पा सर्वांना उत्तम आरोग्य देवो. गणपती बाप्पा मोरया!